माझी टाच, तुझं स्वप्न

दादा, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. मी तुझ्याबद्दल कोणाशी बोलतच नाही, सरळ तुझ्याशीच बोलते. यात कोणाला पाप दिसत असेल तर दिसू दे. निदान ते तरी माझ्या नावाचं होईल.

तुला जाऊन दोन महिने झाले. सुतारखान्यात तुझ्या पाटावर बसून मी हे लिहिते आहे. वहिनीला ते खपत नाही, म्हणून ती आत भांडी आपटते आहे. आपटू दे. तुझ्या पाटावर बसायची माझी हिंमत तू जिवंत असताना झाली नाही, याचाच मला जास्त राग आहे.

आणि ही अक्षरं तुझीच, हेही आधीच सांगून टाकते, नाहीतर तू वरून म्हणशील की रुखमी उपकार विसरली. नवऱ्याने मला टाकली तेव्हा आईबाप नव्हते आणि काका म्हणाला होता, दिल्या घरी मरू दे तिला. तू अमरावतीहून गाडी जुंपून आलास आणि माझ्या सासऱ्याच्या दारात उभा राहून म्हणालास, "माही बहीन मले जड नाही झाली." बस, एवढंच. वाटेत तू एक शब्द विचारला नाहीस. घरी आल्यावर मी दिवसभर कोपऱ्यात बसून राहायचे, तर आठ दिवसांनी तू कोळशाचा तुकडा आणि फळी माझ्यापुढे टाकलीस आणि म्हणालास, "रडूनच राहाचं असन तं रड, पन हात रिकामा ठेवू नको." 'क' नीट यायला मला आठवडा लागला. तू एकदाही हसला नाहीस. त्या एका आठवड्यासाठी मी तुला खूप काही माफ केलं असतं. पण तू ते 'खूप काही' फारच वाढवून ठेवलंस.

आठवतं ना ते वर्ष? विलायतेला दुसरीकडून कापूस मिळेना आणि सगळ्या जगाने वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. लोकांनी ज्वारीच्या वावरात कापूस पेरला. घराघरात कापसातली सरकी काढायचे रेचे कुरकुरू लागले. सरकी वेगळी, रुई वेगळी. दिवस उजाडल्यापासून बायका एका हाताने रेचा फिरवायच्या आणि दुसऱ्या हाताने कापूस सारायच्या. सुतारांना जेवायला सवड नव्हती. रेच्याची खालची जाड लाकडी लाट, म्हणजे कापूस ओढून घेणारा रूळ, बाभळीची असावी आणि बाभूळ दोन पावसाळे वाळलेली असावी, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतंस. त्या वर्षी तू ओल्या बाभळीच्या लाटा केल्यास. मी म्हटलं, दादा, ओलं आहे. तू म्हणालास, "गिऱ्हाईक दारात उभं हाये अन् तू मले ओलं-सुकं शिकवून राहिली!" मी पुढचं लाकूड तुझ्या हातात दिलं.

उन्हाळा लागला आणि लाटा तडकल्या. उभ्या दुभंगल्या नाहीत. पण त्यांना अंगभर बारीक बारीक भेगा पडल्या. भेगा दिसताच, फिरवूनही न पाहता, गिऱ्हाइकं लाटा परत घेऊन आली, दारात टाकून शिव्या देऊन गेली. तू त्या ढिगाकडे पाहिलंही नाहीस. मला म्हणालास, "चुलीत घाल समद्या." बऱ्याचशा मी घातल्या. सात-आठ उरल्या, त्या चुलीमागे पडून राहिल्या.

आता पुढचं नीट ऐक, कारण हे मी तुला मागाहून दोन-तीनदा आठवून द्यायचा प्रयत्न केला आणि दर वेळी तू उठून गेलास.

त्यानंतर कितीतरी दिवस काही झालं नाही. मी रेच्यावर बसत होते, नवीन केलेला रेचा नीट चालतो की नाही ते पाहण्याचं काम माझंच होतं. नवी लाट चार दिवस कापूस धरते, मग घासून गुळगुळीत होते आणि कापूस तिच्यावरून घसरतो. सगळ्या बायकांचं रडगाणं हेच. मी त्यावर विचार करत होते असं म्हणणं खोटं होईल. मी नुसती वैतागत होते. एक दिवस काम संपवून उठले, पाय धुवायला मागच्या दारी गेले, तर टाचांना रुई चिकटलेली. झटकली, निघेना. ओढली, तरी निघेना. आपल्या काळ्या मातीत अनवाणी हिंडणाऱ्या बाईच्या टाचा कशा असतात ते तुला सांगायला नको. भेगाभेगांत रुई रुतून बसली होती. निंबाची काडी घेऊन मी ती एकेक भेग कोरत बसले, आणि कोरता कोरता माझा हात थांबला. डोळ्यांपुढे चुलीमागची लाट होती.

एवढंच झालं, दादा. आभाळ फाटलं नाही, देव आला नाही, वास सुटला नाही. एक वैताग होता, एक टाच होती आणि एक वाया गेलेलं लाकूड होतं. तिघं इतके दिवस एकाच घरात राहत होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. त्यांची ओळख माझ्या डोक्यात का झाली आणि त्याच दिवशी का झाली, ते मला आजही सांगता येत नाही. पण कुठे झाली, ते माहीत आहे. मागच्या दारी, धुणं आपटायच्या दगडावर बसून.

चुलीमागची लाट मी रेच्यात घातली आणि तुला हाक मारली. कापूस पटापट ओढला जात होता. तू बराच वेळ पाहत राहिलास. मी तुला टाच दाखवली, अगदी पाय वर करून दाखवली, आणि तू हसलास. "पोरी, तुह्या टाचेनं तं कमाल केली!" हे तुझे शब्द. ते मी बनवलेले नाहीत.

मग आपण दोघं लागलो. ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे लिहिताना माझे दात आवळले गेले आहेत, तरी लिहिते. वाळलेल्या बाभळीवर करवतीने मुद्दाम रेघा कापायच्या. आधी मी खोल कापल्या, तर सरकी फुटून रुईला तेलकट डाग पडले. मग उथळ कापल्या, तर दोन दिवसांत झिजल्या. सरळ कापल्या तर कापूस हिसके खात जाई. तिरप्या कापायची युक्ती तुझी. ती मी माझी म्हणणार नाही, कारण मी तू नाही. कशावरून सुचलं ते तू मला सांगितलं नाहीस, आणि मी विचारलंही नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.

आणि मग अकोला.

तीन मुक्काम करून आपण गाडीतून रेचा नेला. मला नेलंस, कारण माझ्याइतक्या वेगाने कापूस सारणारं कोणी नव्हतं. बाजारात शेठ लोक जमले, कोणी एक साहेब आला, त्याचा कारकून आला. माझ्या हाताखालून रुईचा ढीग वाढत होता आणि लोक बघत होते. कारकुनाने विचारलं, ही युक्ती कोणाला सुचली? मी रेचा फिरवायचा थांबवला. माझ्या टाचा त्या क्षणीही रुईने भरलेल्या होत्या. तू हात जोडलेस, डोळे मिटलेस आणि म्हणालास, विश्वकर्मा स्वप्नात आला होता.

लोकांनी तुला पागोटं बांधलं. त्या दिवसापासून त्या लाटेला नारायणी लाट म्हणू लागले. नारायण मिस्त्रीची नारायणी लाट.

परतीच्या वाटेवर मी विचारलं होतं, "दादा, माहं नाव काहून नाही घेतलं?"

तू म्हणालास, "बाईच्या टाचेतून निंगालं म्हनलं असतं तं लाट घेतली असती का कोनी?"

"मंग सोताचं घ्याचं. देवाचं काहून घेतलं?"

"मानसाशी भाव करतात लोकं. देवाशी कोन करते?"

खरं सांगते, तेव्हा मी हसले. म्हटलं, भाऊ हुशार आहे, धंद्यासाठी थाप मारली. तू मला लुगडं घेऊन दिलंस तेही मी घेतलं. थाप होती तोवर माझी तक्रार नव्हती.

पण तू घरी आलास आणि वहिनीलाही तेच सांगितलंस. मग शेजाऱ्यांना, मग पाहुण्यांना. दर वेळी स्वप्नात भर. आधी देव नुसता आला होता, मग त्याने पीतांबर नेसला, मग त्याच्या हातात सोन्याची करवत आली, मग तो तुला "नारायणा, ऊठ" असं म्हणाला. एकदा कोणीच नव्हतं, तू नि मी दोघंच जेवत होतो, आणि तू मलाच सांगायला लागलास, "त्या सपनात एक गोष्ट रुखमे, मी कोनाले सांगितली नाही..." मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तिथे थाप नव्हती. तुला सगळं खरं वाटत होतं.

त्या दिवशी मी तू दिलेल्या लुगड्याची रेच्यावर घालायची खोळ शिवली. तू विचारलं नाहीस, का शिवली म्हणून.

चोर परवडला, दादा. चोराला माहीत असतं कोणाचं चोरलं ते. तो समोर आला की नजर चुकवतो, त्यातही एक मान असतो. तू नजर चुकवलीच नाहीस. आयत्या बिळावर नागोबा बसतो तसा बसलास आणि बीळ आपणच खणलं, असं तुला वाटू लागलं. तुझ्या डोक्यातून मी पुसले गेले, टाच पुसली गेली, चुलीमागची लाट पुसली गेली, आणि तिथे एक पीतांबर नेसलेला देव उभा राहिला. एकदा मी भांडले. म्हटलं, सांग, टाच कोणाची होती? तू शांतपणे म्हणालास, "टाच तं समद्याईचीच फाटते. समजाले डोकं लागते." मी म्हटलं, मग ते डोकं कोणाचं? तू उठून गेलास. ते भांडण तिथेच राहिलं. तापाने तू पाच दिवसांत गेलास आणि जाताना शुद्धीवर नव्हतास. तू शेवटी काही कबूल केलं असतंस, असं मला वाटत नाही. कबूल करायला आधी आठवावं लागतं.

रेघा कापायचं काम तू आतल्या खोलीत दार लावून करायचास. लाटेवरच्या रेघा कोणालाही दिसत, पण किती खोल आणि कशा कापायच्या ती विद्या बाहेर जाऊ नये म्हणून. त्या खोलीत मला तेवढी येऊ द्यायचास, कारण लाट धरायला कोणीतरी लागायचं. म्हणजे तू गेलास तेव्हा ती विद्या जिवंत राहिली ती एकट्या माझ्या हातात. हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं. वहिनीच्या मात्र आलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसले होते चांगले पाच-सहा, पण खाली एकही येईना. काका म्हणाला, वहिनीला आम्ही सांभाळू. नाही आला. मामा म्हणाला, घराचं छप्पर शाकारून देऊ. नाही आला. मग वहिनी सगळ्यांदेखत माझ्याकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, त्याईचा जीव त्या लाटेत अडकला हाये. म्हना एकडाव, का इद्या घराबाहेर जानार नाही. म्हना, माय."

सगळे माझ्याकडे पाहत होते. एक वाक्य होतं. म्हटलं असतं तर तू जेवला असतास.

मी म्हटलं नाही. ऊन चढलं, पिंडावर माशा बसल्या, काकाने मला शिवी दिली, तरी म्हटलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तू उपाशी गेलास आणि मी तुला उपाशी घालवलं. जन्मभर तू मला जेवू घातलंस, हे माहीत असून घालवलं. घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या, आणि त्या गोड लागल्या.

तेरवी होऊ दिली. चौदाव्या दिवशी सकाळी तुझी बारीक करवत घेऊन मी ओट्यावर बसले आणि गल्लीतल्या बायकांना सांगितलं, आपापल्या लाटा घेऊन या. कौतिकाबाई आधी आली. मागून सगळ्याच आल्या. मी त्यांना तिरपी रेघ दाखवली, किती खोल ते नखाने दाखवलं, एकेकीच्या हातात करवत दिली. म्हटलं, ज्यांना शिकायचं त्यांनी शिका, आणि दुसरीला शिकवल्याशिवाय राहू नका. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि पदराने तोंड झाकून आत गेली. तिचं नुकसान झालं, ते मला कळतं. तिचा राग मी माझ्या डोक्यावर घेतला आहे आणि दिवसभर रेचे करून तिचं घर मीच चालवते आहे. पण थांबले नाही.

कौतिकाबाई लाट कापता कापता म्हणाली, "हे नारायन मिस्त्रीचीच इद्या ना वं?"

मी म्हटलं, "कोन नारायन?"

तिचा हात थांबला. सगळ्या बायकांनी माना वर केल्या. तुझी तेरवी कालच झाली होती, दादा, त्यांच्या पोटात तुझ्या तेरवीचे लाडू होते. मी कोणाकडे पाहिलं नाही. पुढची लाट घेतली आणि रेघ कापायला लागले. त्या वेळी मला इतकं बरं वाटलं, की तसं अकोल्यात पागोटं माझ्या डोक्यावर बांधलं असतं तरी वाटलं नसतं. तू मला विसरलास ना? मी सगळ्या वऱ्हाडाला तुला विसरायला लावते. भांडून नाही. तुझी लाट घराघरात घालून. जे सगळ्यांचं असतं त्याला कोणी नाव विचारत नाही.

यात माझंही नाव जातं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं समजू नकोस. कळलं होतं. मी 'कोण नारायण' म्हटलं तेव्हाच पुढे 'माझी टाच' म्हणता आलं असतं. जीभ वळली नाही. मी तेवढं सांगितलं असतं तर तुझ्यासारखीच झाले असते, फक्त स्वप्नाऐवजी टाच सांगत.

गेल्या आठवड्यात मी बाळापूरला गेले. तुझ्या दिवसांना मावशीला येता आलं नव्हतं, तिचे पाय सुजले आहेत, म्हणून भेटायला गेले. मावशीच्या शेजारच्या अंगणात एक बाई करवत घेऊन लाट कापत बसली होती. तिरप्या रेघा. मी जवळ जाऊन उकिडवी बसले. तिने मला सुतारीण म्हणून ओळखायचं काही कारण नव्हतं.

म्हटलं, "कोनी शिकवलं हे?"

ती म्हणाली, "शिकवाचं काय त्याच्यात? आमच्याकडं पयलेपासून असंच करतात."

पहिल्यापासून! दीड महिन्यात पहिल्यापासून झालं. कापसाच्या गाड्या जातात तिथे बायकांचं बोलणंही जातं, पण इतक्या वेगाने जातं हे मला ठाऊक नव्हतं. माझा सूड पुरा झाला होता. तुझं नाव नाही, देवाचं नाही, माझंही नाही. मी मुद्दाम तिच्या हातातून करवत मागून घेतली, म्हटलं, मला दाखव. आणि मी माझ्या सवयीने लाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायला लागले.

तिने माझा हात धरला. "असं नाही वं बाई. दोन्हीकडं दोन-दोन बोटं कोरी सोड. पार कडेपावतर कापली तं कापूस कडेले गुंडाळते."

दादा, कडेला कापूस गुंडाळतो! आपलं ते जुनं दुखणं. दर घटकेला रेचा थांबवून कडेचा गुंता चाकूने कापावा लागायचा. त्यावर तू कडेला चामड्याची पट्टी लावून पाहिलीस, मी मेण लावून पाहिलं, आपण एकमेकांवर खेकसलो आणि नंतर हे असंच असायचं म्हणून सोडून दिलं. आणि त्याला उपाय एवढाच होता की कापायचंच नाही. दोन बोटं सोडून द्यायची. ते तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्या आलं नाही, तुझ्या देवाच्याही आलं नाही. बाळापूरच्या एका बाईच्या आलं, आणि तिला ते आपल्याला सुचलं हेसुद्धा माहीत नाही.

तिने करवत माझ्या हातातून काढून घेतली, मला जमणार नाही असं तिला दिसलं असावं. लाट रेच्यात घातली आणि फिरवली. मी ढीग होईपर्यंत बघत बसले. एकदाही गुंता झाला नाही.

मावशीचा निरोप घेऊन मी गाडीत बसले. बैल चालायला लागले. मी पदर सावरला आणि मनात म्हटलं, घरी गेल्या गेल्या हे पहिलं दादाला सांगायचं.